हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही
'शैक्षणिक कर्जाचा हप्ता नोकरी लागल्यावरच, मग आत्ता कसली काळजी?' असं अनेकांना वाटतं. नोकरी लागो न लागो, कोर्स संपल्यावर साधारण वर्षभरात हप्ता सुरू होतो. व्याज तर पहिल्या दिवसापासून. दरवर्षी अडीच लाख असे 10 लाख उचलले, दर 10 टक्के धरला, तर चार वर्षांचा कोर्स अधिक एक वर्ष संपेपर्यंत सरळव्याजानेच साडेतीन लाख चढतात. साडेतेरा लाखांचा दहा वर्षांचा हप्ता सुमारे 17,850 रुपये. हिंजवडीत 25,000 हातात पडणाऱ्या फ्रेशरने खोलीभाडं, मेस भागवून तो भरायचा कसा? शिकताना आणि नंतरच्या त्या एका वर्षातही व्याज भरत गेलं तर हप्ता 13,200च्या आसपास राहतो. पहिल्या वर्षी महिना दोन-एक हजारच लागतात. कॉलेजला सर्वांत मोठं पॅकेज विचारू नका, त्या शाखेचं मधलं, म्हणजे निम्म्या मुलांना ज्याहून जास्त आणि निम्म्यांना कमी मिळालं ते, विचारा. हप्ते चुकले तर सहकर्जदार आईवडिलांचा सिबिल स्कोअरही (कर्जफेडीची पत दाखवणारा आकडा) घसरतो, हे सहीआधीच त्यांना सांगा.