आदिलाला मिळणाऱ्या ओढ्यासाठी महापालिकेच्या बजेटमध्ये नेमकं काय मागायचं?

शेळगीकर
सोलापुरात आमच्या भागातून आदिला नाल्याला मिळणारा एक ओढा जातो, साधारण १.२ किमी. एका बाजूला सोसायट्यांची कंपाउंडं, दुसऱ्या बाजूला अजून काळी रानं, त्यांच्या कडेला शिंदी आणि निर्गुडी टिकून आहे. पुढच्या अंदाजपत्रकासाठी रहिवाशांतर्फे प्रस्ताव द्यायचाय. पैसा कुठल्या हेडखाली मागावा? दोन्हीकडून आरसीसी भिंत नको असेल तर त्याऐवजी काय लिहावं? आणि मोकळी बाजू उद्या प्लॉट पडून जाऊ नये म्हणून महापालिकेच्या हातात काय आहे? बाहेरदेशी काही शहरं यासाठी वेगळा कर लावतात म्हणे, आपल्याकडे जमेल का?

हिशेबनीस
कराचं आधी सांगतो. अमेरिकेतल्या बोल्डर शहरात १९६७ साली लोकांनी मतदान करून मोकळ्या जमिनी राखायला ०.४ टक्के दराने विक्रीकर मंजूर केला. आपल्याला ते दार बंद आहे. जकात गेली, एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेली, आता जीएसटीची भरपाई राज्याकडून येते आणि ती आधी पगार-पेन्शनला लागते. स्वतःचं म्हणावं असं उत्पन्न म्हणजे मुख्यतः मालमत्ता कर. काठावरच्या झाडांपुरता १९७५ च्या वृक्ष कायद्याखालचा वृक्ष निधी आहे. तो वृक्ष प्राधिकरणाकडून येतो, त्याचा अर्ज वेगळा करा.

२०११ च्या जनगणनेत सोलापूर ९,५१,५५८, म्हणजे दहा लाखांच्या आत. त्यामुळे १५ व्या वित्त आयोगाचं (२०२१-२६) अनुदान आपल्याला ४० टक्के मुक्त आणि ६० टक्के बंधित (ठरलेल्या कामांनाच वापरायचं) असं ठरलेलं. बंधितातला निम्मा भाग स्वच्छता आणि घनकचऱ्याला, निम्मा पिण्याचं पाणी, पाणी जिरवणं आणि पुनर्वापराला. ओढ्यात सुटणारं सांडपाणी अडवणं पहिल्या भागात बसतं, पाणी जिरवण्याची कामं दुसऱ्यात. रेलिंग, कारंजी, सेल्फी पॉइंट कशातच बसत नाहीत. मार्च २०२६ नंतरच्या कामासाठी नव्या आयोगाच्या अटींचं परिपत्रक लेखा विभागातून आधी मिळवा. अमृत २.० या केंद्राच्या शहरी पाणी योजनेतही जलस्रोत पुनरुज्जीवन आहे. एक ते दहा लाखांच्या शहरांना केंद्राचा वाटा एक तृतीयांश आणि हप्ते २०:४०:४० असे. पण राज्याच्या मंजूर आराखड्यात नाव नसेल तर त्या रांगेत उभं राहण्यात अर्थ नाही.

आता खरी चूक कुठे होते ते. सगळे ‘नाला सुशोभीकरण’ असं एकच हेड मागतात. त्यात टोकन तरतूद पडते आणि जानेवारी-फेब्रुवारीत पुनर्विनियोजनात ती रस्त्यांकडे वळते. तीन वेगळी लेखाशीर्षं मागा: सांडपाणी अडवणे (भांडवली, म्हणजे एकदाचं बांधकाम), काठाचं काम (भांडवली), देखभाल (महसुली, म्हणजे दरवर्षीचा खर्च). तिसरं नसेल तर पहिली दोन मागूच नका, असं माझं स्पष्ट मत. भांडवली पैशातून पुढे माणसाची मजुरी निघत नाही.

जुना_ओव्हरसिअर
काठ नंतर, आधी सांडपाणी. हिशेब असा: माणशी १३५ लिटर पुरवठा, त्याचं ८० टक्के सांडपाणी, म्हणजे १०८ लिटर. समजा १८०० घरं, घरटी पाच माणसं, दिवसाला ९.७२ लाख लिटर. गर्दीच्या वेळचा गुणक ३ धरला तर सेकंदाला ३४ लिटर. ३०० मिमीची लाइन १:२०० उताराला अर्धी भरून एवढं नेते. पण कागदावर थांबू नका. आपल्याकडे पाणी पाळीने सुटतं, सुटतं त्या दिवशी मोऱ्या दुथडी आणि एरवी चिळकांडी. व्ही-नॉच (प्रवाह मोजायची व्ही आकाराच्या खाचेची फळी) लावून पाळीच्या दिवशी आणि कोरड्या दिवशी, दोन्ही वेळा २४ तास मोजा. एकाच दिवसाच्या मोजणीवर लाइन टाकली की ती एक तर तुंबते नाहीतर तळाशी गाळ धरते.

अडवणीच्या चेंबरमध्ये दोन गोष्टी हमखास बिघडतात. तोंड मोठं ठेवलं की पावसाचं पाणी ड्रेनेजमध्ये घुसून खालच्या वस्तीत मॅनहोल उसळतात. जाळी (२५ मिमी अंतराच्या सळ्या) आठवड्यातून दोनदा साफ झाली नाही की सगळं सांडपाणी पुन्हा ओढ्यात. आणि मॅनहोल पात्रात घेऊ नका, काठावर घ्या.

आता पात्र. समजा पाणलोट १५० हेक्टर, अपधाव (पावसातला वाहून जाणारा भाग) ०.६, तासाला ६० मिमी पाऊस: ०.६ × ६० × १५० ÷ ३६० = सेकंदाला १५ घनमीटर. तळ ४ मीटर, बाजू १:२ (एक उभा, दोन आडवे), पाण्याची खोली दीड मीटर आणि तळाचा उतार १:३०० असेल तर गवताळ पात्रातून (मॅनिंगचा n, म्हणजे खडबडीतपणाचा आकडा, ०.०३५) एवढं पाणी जातं. वर अर्धा मीटर मोकळी उंची धरून माथ्याची रुंदी १२ मीटर, एका बाजूला जेसीबीसाठी ३ मीटर. एकूण १५ मीटरचा पट्टा. तेच पाणी काँक्रीटच्या (n ०.०१५) ४ मीटर रुंद, १.२ मीटर खोल चॅनलमधून निघून जातं. म्हणून इंजिनिअर भिंतीकडे झुकतो आणि जागेच्या बाबतीत तो खोटं बोलत नाही. फक्त वेग सेकंदाला तीन मीटरच्या वर जातो आणि भिंत संपते तिथल्या शेतकऱ्याचं रान तुटतं.

आणखी एक. हिप्परग्याचा तलाव भरून सांडवा सुटला की आदिला चढते आणि तुमच्या ओढ्याच्या तोंडाशी फुगवटा येतो. तिथली पातळी फक्त पावसावरून काढली तर खालची घरं बुडतील.

काठ काळ्या मातीचा आहे, उन्हाळ्यात भेगा आणि पावसात फुगणं. १:२ पेक्षा उभा कापू नका, जागा असेल तिथे १:३. नुसतं पिचिंग (काठावर दगड बसवणं) केलं तर दगडामागची माती वाहून जाते आणि दोन पावसाळ्यांत ते खाली बसतं. मागे जिओटेक्स्टाइल (पाणी सोडून माती धरणारं कापड) किंवा मुरमाचा थर हवाच. गॅबियन (तारेच्या जाळीत भरलेले दगड) फक्त बाहेरच्या वळणावर, पायथा तळाच्या खाली अर्धा मीटर तरी पुरलेला. बाकी ठिकाणी काथ्याची जाळी, पायथ्याला वाळा, वर निर्गुडी, माथ्यावर करंज आणि कडुलिंब. वेडी बाभूळ नुसती छाटली तर दुपटीने फुटते, बुडख्यासकट काढावी लागते. शिंदीला हात लावू नका, तिच्या मुळांनीच तो काठ धरलाय.

नकाशेवाला
वरचा १५ मीटर पट्टा कुणाच्या नावावर आहे यावर सगळं अडतं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम २० नुसार ओढे-नाले सरकारचे. म्हणजे पात्रातल्या कामाला जिल्हाधिकारी कार्यालयाचीही संमती लागते. महापालिकेचा ठराव पुरत नाही. भूमी अभिलेखकडे मोजणी भरा आणि क प्रत (मोजणीचा हद्दी दाखवणारा नकाशा) घ्या. ती नसेल तर ठेकेदार कंपाउंडची भिंत हीच हद्द धरतो, मग ती भिंत ओढ्यात सरकलेली का असेना.

रानाची बाजू खाजगी आहे. पाणथळ नियम २०१७ चा आधार घेऊ नका. नदीची पात्रं आणि सिंचनासाठी बांधलेले तलाव त्यातून वगळलेत. खरं हत्यार विकास आराखडा. हरित पट्ट्याचं आरक्षण टाकता येतं, पण भूसंपादनाला पैसा ठेवला नाही तर दहा वर्षांनी मालक नगररचना कायद्याच्या (एमआरटीपी) कलम १२७ ची नोटीस देतो आणि पुढच्या २४ महिन्यांत हालचाल झाली नाही की आरक्षण गळून पडतं. रोख नसेल तर टीडीआर, म्हणजे जमिनीच्या बदल्यात दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क. तो मालकाला गोड लागायला बाजारात गिऱ्हाईक लागतं, म्हणून सगळा पट्टा टीडीआरवर टाकू नका. संगमाजवळच्या सखल तुकड्याला तरी रोख तरतूद मागा. पाटबंधारे खात्याने निळी आणि लाल पूररेषा (अनुक्रमे २५ आणि १०० वर्षांतल्या पुराची) आखली असेल तर ती मोजणीच्याच नकाशावर चढवून जोडा. निळ्या रेषेच्या आतल्या जमिनीवर तसंही बांधकाम चालत नाही, तिथे वाटाघाट सोपी जाते.

शेळगीकर
मोजणीचा अर्ज उद्याच टाकतो. देखभालीचं हेड लिहिताना किती आणि कशासाठी?

हिशेबनीस
आकडा टक्क्यांत लिहू नका, कामात लिहा. दोन माणसं वर्षभर, जाळीसाठी आणि कचऱ्यासाठी. फेब्रुवारी ते मे झाडामागे आठवड्याला १५-२० लिटर पाण्याचा टँकर. मे अखेरीस एकदा गाळ, तोही फक्त मोऱ्यांच्या तोंडाशी. सगळा तळ खरवडला की वाळा जातो. दर राज्य दरसूचीतून घ्या, म्हणजे लेखापरीक्षणात अडकत नाही.

जुना_ओव्हरसिअर
निविदेत तीन वर्षांची देखभाल त्याच ठेकेदारावर टाका. बिलाचे २० टक्के अडकवून ठेवा आणि तिसऱ्या मेमध्ये ८० टक्के झाडं जिवंत मोजूनच सोडा. मोजणी मेमध्येच, ऑगस्टमध्ये नको. पावसाळ्यात सगळंच हिरवं दिसतं की ओ.