टोपीच्या मधल्या शिवणीवर सुई तुटते, मदत हवी आहे

राजेहो, दारव्ह्याजवळच्या खेड्यात माझं एक हेडचं (एका वेळी एकच नग भरणारं) एम्ब्रॉयडरी मशीन आहे. शर्टाचे खिसे, ब्लाऊज झकास निघतात. गावच्या क्रिकेट टीमच्या ४० टोप्या घेतल्या अन् फसलो.

समोरच्या मधल्या शिवणीवर सुई आली की टक्! धागा तुटतो, नाहीतर सुईच. सात टोप्यांत चार सुया गेल्या. शिवणीच्या डावीकडची अक्षरं सरळ, उजवीकडची दोनेक मिलिमीटर वर सरकलेली. बोटानं दाबलं तर कापड बकरमपासून (टोपीच्या आतलं कडक अस्तर) सुटून फुगते. मला वाटते, टोपी कसायच्या फ्रेममध्ये ताणच कमी पडते.

७५/११ नंबरची सुई काढून थोडी जाड, ८०/१२ ची टोकदार सुई लावली, स्पीड मिनिटाला ८५० टाक्यांवरून ६०० वर आणला, आत फाडायचा पेपर (टाक्यांना आधार देणारा, मग फाडून काढायचा) दोन थर घातला. तुटणं कमी झालं, सरकणं तसंच. डिझाइन डावीकडून उजवीकडे चालते. मधातून बाहेर अन् खालून वर असं करून घ्यावं काय? डिझाइनची फाइल बनवणारा म्हणतो, "फाइल बरोबर आहे." तो नेहमी हेच म्हणतो.

आतली घामाची पट्टी बाहेर काढून फ्रेमचा पट्टा नेमका कुठं कसता, त्याचा फोटो टाका ना भाऊ. सामने रविवारी आहेत, अन् लाइन (वीज) दुपारचीच राहते.