शेजारचा कुत्रा दिवसभर गच्चीवर साखळीला बांधलेला असतो, यावर काही कायदा आहे का? (नाशिक)

इंदिरानगरकर:
नमस्कार मंडळी. आमच्या शेजारच्या बंगल्यात एक लॅब्रेडोर कुत्रा आहे. सकाळी गच्चीवर पत्र्याच्या शेडच्या खांबाला बांधतात तो रात्रीपर्यंत तसाच, आणि साखळी इतकी आखूड की सावली सरकली तरी त्याला तिकडे जाता येत नाही. एप्रिलचं ऊन तुम्हाला माहितीये, त्यात पाण्याचं भांडं बऱ्याचदा कलंडलेलं. दिवसभर भुंकतो मग गल्लीतले लोक त्यालाच शिव्या घालतात. मालक वाईट नाहीत हो, दोघंही नोकरीला जातात, काका म्हणतात "घरात ठेवला तर सगळं फाडतो, आणि राखणीलाच तर आणलाय". मला भांडण नकोय पण रोज बघवत नाही. महापालिकेचा किंवा पोलिसांचा काही नियम आहे का? तक्रार नक्की कुठे करायची?

कोर्टवाला_पंचवटी:
महापालिकेचा नियम शोधत बसू नका, केंद्राचाच कायदा आहे, प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध अधिनियम १९६०. त्यातलं कलम ११(१) बघा. त्याच्या पोटकलम एफ मध्ये जनावराला फार आखूड किंवा फार जड साखळीला अवाजवी वेळ बांधून ठेवणं हा गुन्हा आहे. जी तर खास कुत्र्यांसाठीच आहे, कायम बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला मालकाने पुरेसं फिरवलं नाही तर तोही गुन्हा. एच मध्ये अन्न, पाणी, निवारा. म्हणजे तुमच्या केसमध्ये तिन्ही बसतात.

आता खरी अडचण. दंड आजही पहिल्या वेळी १० ते ५० रुपये, तीन वर्षांच्या आत परत केलं तर २५ ते १०० रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. शिवाय ही कलमं अदखलपात्र, म्हणजे पोलीस एनसी (अदखलपात्र तक्रारीची नुसती नोंद) लिहून घेणार आणि पुढचा तपास मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय नाही. पन्नास रुपयांना कोण घाबरतं, मला या गोष्टीचा मनापासून राग येतो. तरी पोलीस स्टेशनमधून एक फोन गेला की बहुतेक लोक साखळी सोडतात, म्हणून लेखी अर्ज द्याच. स्वतःच्या गच्चीवरून तारखेसकट फोटो काढा, दुपारचे काढा, आणि रेंगाळू नका कारण कलम ३६ प्रमाणे घटनेपासून तीन महिन्यांनंतर खटला भरता येत नाही. अर्जाची एक प्रत जिल्ह्याच्या पशुसंवर्धन खात्याला.

मळेकरी_दिंडोरी_रोड:
कायद्याचं दादांनी सांगितलं, मी मळ्यातलं सांगतो. आमच्याकडे सगळे म्हणतात कुत्रा बांधला की राखण होते, पण बांधलेला कुत्रा फक्त ओरडू शकतो, त्याला ना चोराकडे जाता येतं ना स्वतःचा जीव वाचवता येतो. आणि आपल्या भागात बिबट्या आहे हे विसरू नका. शेजारी नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात अकोले गावाकडे बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला होता, त्यात त्याच्या खाण्यात वजनाने ३९ टक्के वाटा पाळीव कुत्र्यांचा निघाला. रात्री ओट्यावर साखळीला कुत्रा म्हणजे बिबट्याला घरी बोलावणंच. आमचे दोन्ही दिवसा मोकळे, अंधार पडला की जाळीच्या खोलीत.

गच्चीवर बांधायचंच असेल तर दोन खांबांत तार ताणा, तारेत कडी, कडीला हलका दोर, म्हणजे त्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत चालता येतं. तार जिन्यापासून आणि कठड्यापासून लांब हवी, उडी मारली तर फास बसतो. लोखंडी साखळी उन्हात तापते, मानेला चट्टे पडतात, त्यात माश्या बसल्या की किडे होतात. आणि पत्र्याखाली नको, पत्रा तापला की खाली भट्टी असते. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, जीभ काढून धापा टाकूनच तो अंग थंड करतो.

म्युनिकहून_सिडकोवाली:
मी मूळची सिडकोची, आता जर्मनीत. इथे १ जानेवारी २०२२ पासून कुत्रा बांधून पाळायलाच बंदी आहे, कामाच्या कुत्र्यांना काम चालू असताना थोडी सूट, तीही माणूस सोबत असेल तरच. कॅलिफोर्नियात चोवीस तासांत तीन तासांपेक्षा जास्त बांधता येत नाही. आपल्याकडे तासांचा आकडाच नाही, "अवाजवी" म्हणजे किती हे कोण ठरवणार? कायद्यात आकडा आला पाहिजे असं मला फार वाटतं.

इंदिरानगरकर:
सगळ्यांचे आभार. आधी काकांशीच बोलते. तार आणि कडीचा खर्च मी देईन म्हणते, आणि संध्याकाळी त्याला मी फिरवून आणलं तर चालेल का तेही विचारते, तसाही तो मला ओळखतो. नाही ऐकलं तर अर्ज. @कोर्टवाला, अर्जात माझं नाव त्यांना कळतं का?

कोर्टवाला_पंचवटी:
कळू शकतं, म्हणून गल्लीतल्या चार-पाच जणांच्या सह्या घ्या. आणि अर्जावर पोच घेतल्याशिवाय पोलीस स्टेशनमधून निघू नका.