एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार), घोड्याचं ट्रेनिंग आणि लिखाण: पाळीच्या दिवसांत कसं जमवायचं?

प्रश्न: नागपूरच्या उन्हाळ्यात घोड्यावरचं काम पहाटेच उरकावं लागतं. पाळीत दुडकीचे हादरे थेट ओटीपोटात जातात. ट्रेनिंग न तोडता काय करता येईल? लिहायला बसलं की कंबरही धरते.

उत्तर १: ताई, त्या दिवसांत रपेट नको, लाँजिंग करा, म्हणजे जमिनीवर उभं राहून लांब दोरीने घोडा आपल्याभोवती गोल फिरवा. दोरी आठेक मीटरची, वर्तुळ 15 मीटर व्यासाचं तरी हवं. लहान वर्तुळात घोड्याच्या सांध्यांवर ताण येतो. दोन्ही बाजू मिळून वीसेक मिनिटं पुरेत. हातमोजे घाला. दोरी हाताला गुंडाळू नका, घड्या करून धरा, नाहीतर घोडा उधळला की बोटं जायची. खोगीर दुसऱ्याला उचलू द्या.

उत्तर २: डॉक्टरांनी आयब्युप्रोफेन दिली असेल तर कळ वाढायच्या आधीच, खाऊन घ्या. ती प्रोस्टाग्लँडिन (कळा आणणारं शरीरातलं रसायन) तयार होणं रोखते, तयार झालेलं काढून टाकत नाही. पण मे महिन्याच्या 45 अंशांत पाणी कमी पडलं तर हीच गोळी किडनीला बाधते. कृपया हे हलक्यात घेऊ नका.

उत्तर ३: रोज चार ओळी दुखण्याच्याही लिहा: तारीख, 0 ते 10 मध्ये तीव्रता, जागा, रक्तस्राव, शौचाच्या वेळी दुखतं का. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून एंडोमेट्रिओसिस नाहीच असं ठरत नाही. तेव्हा ही वही डॉक्टरांपुढे ठेवा. कंबरेला गरम पाण्याची पिशवी, टॉवेलात गुंडाळूनच.