तळ्यातले 'बिनकामाचे' मासे मारावेत का?

व्हाळाकाठचा
आमच्या गावच्या तळ्याची पावणी, म्हणजे लिलाव, झाली. ज्याला तळे मिळाले तो रोहू-कटला सोडणार, आणि त्याआधी मोहाची पेंड टाकून आतले सगळे मासे मारणार. माझा साफ विरोध आहे. पेंडीतले सॅपोनिन नावाचे विषारी द्रव्य माशांच्या तांबड्या रक्तपेशी फोडते; कुठला मासा विकाऊ आणि कुठला नाही, हे त्याला कळत नाही. बाजारात ज्यांना कोणी विचारत नाही ते बोटभर मासे डासांच्या अळ्या खातात, शेवाळ खरवडतात आणि पाणकावळा, खंड्या, पाणमांजर यांना पोसतात. गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांचे तर माशांवाचून चालतच नाही. त्यांची पिल्ले आधी माशाच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून वाढतात, मगच तळाशी उतरतात. आणि पाणी गाळून स्वच्छ ठेवतात ते हेच शिंपले.

पावणीवाला
पैसे आम्ही मोजायचे आणि मरळ-मांगूरनी आमचे मत्स्यबीज फस्त करायचे? पेंडीचा विषार दोन-तीन आठवड्यांत उतरतो, पुढे तिचेच खत होते. शिवाय तळ्यात निम्मा तिलापिया आहे. १९५२ साली देशात आणलेला परका मासा. त्याचीही आरती ओवाळू का?

कुडचडेकर
आमचे गोव्यातले नंदा तळे २०२२ साली रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आले. तिथे पक्षी पुष्कळ. पक्षी काय कटला गिळतात?

व्हाळाकाठचा
तिलापिया काढाच, पण जाळे ओढून. पूर्ण जाणार नाही, हेही मान्य. मरळीची धास्ती असेल तर बारीक बीज सोडू नका, चांगली वाढलेली बोटुकली सोडा. महाग पडते, पण टिकते. आणि तुमचे रोहू-कटला साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, म्हणजे बीज दरवर्षी विकतच. हे गावठी मासे मात्र पहिल्या पावसात व्हाळातून, म्हणजे ओढ्यातून, शेतात चढतात आणि फुकटात वाढतात.

खवय्या
चढणीचे मासे म्हटले की मला फक्त तवा आठवतो. चालू द्या.

पावणीवाला
चढतात ना? मग मारले तरी जूनमध्ये व्हाळातून परत येतील. वंश कुठे बुडतो?

व्हाळाकाठचा
कसे येतील? रोहू निसटू नये म्हणून तळ्याच्या तोंडाला बारीक जाळी तुम्हीच लावता ना?