परसू (घरामागची बाग) असलेल्या घरांचा ओला कचरा गाडीने उचलूच नये. पटतं का?

कुळागरवाला, फोंडा
येत्या ग्रामसभेत ठराव मांडायचा विचार आहे. ज्यांना परसू आहे त्यांनी ओला कचरा घरीच जिरवावा, पंचायतीने तो उचलू नये. शिवाय दर वाड्यावर चार-पाच घरांची समिती असावी आणि तिने आठवड्यातून एकदा घरोघरी फेरी मारून कचरा आणि साचलेलं पाणी बघावं.

साळगावचा कचरा प्रकल्प २०१६ मध्ये सुरू झाला, काकोड्याचा २०२२ मध्ये. सोनसड्याचा कचऱ्याचा डोंगर २०१९ मध्ये पेटला तेव्हा मडगावकरांनी किती धूर गिळला ते सगळ्यांना आठवत असेल. प्रकल्प हवेतच, पण आजार येतो तो आपल्या परसातून. डेंगीच्या डासाला उकिरडा लागत नाही, त्याला स्वच्छ साचलेलं पाणी पुरतं. करवंटी, पोफळीची विरी (झावळीचा खोलगट बुंधा), टाकीवरच्या ताडपत्रीची घडी, फ्रीजमागचा ट्रे. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून फेरी दर आठवड्याला. आणि नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात. भांडं घासावंच लागतं. हे करायला पंचायतीचा माणूस दर घरी येणार आहे का?

म्हापशेकर
ठराव झाला की पंचायत मोकळी! घनकचरा नियमांनी वर्गीकरण आपल्यावर टाकलंय हे मान्य. पण घरोघरी जाऊन कचरा गोळा करणं हे पंचायत-पालिकेचं काम, हेही त्याच नियमांत आहे. घरपट्टी भरा, कचऱ्याची फी भरा आणि वर खड्डेही तुम्हीच खणा, असं कसं चालेल?

आणि वाडा समिती म्हणजे काय ते मला शिकवू नका. ज्याच्याशी बांधावरून कोर्टात केस चालू आहे तोच समितीत बसणार आणि माझ्या बादलीत डोकावणार. निवडणुकीच्या वर्षी तर बघायलाच नको.

डिचोलीची सून
सगळे पुरुषच बोलताहात, म्हणून विचारते. घरात ‘जिरवणार’ कोण? भाजीची सालं, केळीची पानं यांचं काही वाटत नाही, ती माडाच्या आळ्यात जातात. प्रश्न नुस्त्याचा, म्हणजे मासळीचा आहे. बांगड्यांची डोकी आणि सुंगटांची (कोळंबीची) सालं वरच्यावर पुरली की रात्री कुत्री उकरतात आणि सकाळी सगळं अंगणभर. खोल खणायचं तर जांभा दगड लागतो. आमच्या शेजारीण गाडीचा दिवस येईपर्यंत ती पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये ठेवतात. तुमची सक्ती आली तर तो दिवसही गेला.

आणखी एक. तान्ह्या बाळाचे डायपर आणि सॅनिटरी पॅड यांचं नावच कोणी काढत नाही. नियम म्हणतो नीट गुंडाळून वेगळे द्या. आम्ही देतो, आणि गाडीवर ते सुक्या कचऱ्यातच पडतात. मग वेगळं करायचं कशाला, असं सासूबाई विचारतात. त्यांना काय उत्तर देऊ?

जुना सासष्टीकर
आमच्या लहानपणी कचरा हा विषयच नव्हता. सामान पुडीत यायचं, सगळं मातीत जायचं. प्लास्टिक आलं आणि गोंय बिघडलं.

पेडण्याची परिचारिका
आजोबा, राग मानू नका, पण त्या काळात घरामागे डुकरांचा संडासही होता, आणि जंत-हगवण घरोघरी होती.

समिती नको म्हणणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. एक, न्हाणीतलं भाण, म्हणजे चुलीवर अंघोळीचं पाणी तापवायचं भांडं. लाकडं ओली असली की चूल पेटवायला दुधाच्या पिशव्या घालणारी घरं अजून आहेत. धूर न्हाणीत कोंडतो आणि पुढच्या मिनिटाला त्याच न्हाणीत मुलाला अंघोळ. उघड्यावर कचरा जाळला तर ५,००० रुपये दंड, हे हरित लवादाने २०१६ मध्येच सांगितलं, पण न्हाणीत कोण बघायला येणार? तिथे शेजारणीचाच शब्द चालतो.

दुसरी, विहीर. पावसात पाण्याची पातळी वर येते आणि सोकपिटातलं (संडासाच्या शोषखड्ड्यातलं) पाणी जांभ्याच्या भेगांतून विहिरीत शिरतं. पाणी दिसायला नितळ, म्हणून कोणी उकळत नाही. ब्लीचिंग पावडरचं प्रमाण हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम, आणि टाकल्यावर निदान तासभर पाणी काढायचं नाही. पण सोकपिट पाझरतच असेल तर पुन्हा आठवड्याभरात तेच. आणि तो सोकपिट बहुतेक वेळा शेजाऱ्याचा असतो. एकट्या घराने कितीही स्वच्छता पाळली तरी इथे उपयोग नाही.

म्हापशेकर
ताई, तुमचं विहिरीचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. पाण्याची तपासणी सरकारी प्रयोगशाळेत होणार, सोकपिट हलवण्याची नोटीस पंचायत काढणार. शेजारणीने सांगून कोणी सोकपिट हलवलाय? खर्च केवढा असतो!

पेडण्याची परिचारिका
पण नमुना कोण नेणार? नोटीस काढावी म्हणून पंचायतीच्या मागे कोण लागणार? एकट्याने तक्रार केली की ते भांडण ठरतं. दहा घरांनी सह्या केल्या तर पंचाला उत्तर द्यावं लागतं.

कुळागरवाला, फोंडा
डिचोलीच्या ताई, नुस्त्याचा आणि डायपरचा मुद्दा ठरावात घालतो: दोन्ही गाडीनेच जातील, डायपर-पॅडला गाडीवर वेगळी पेटी हवी. बाकी पालापाचोळा, सालं, चुडतं (माडाच्या झावळ्या), सोडणं (नारळाची साल) यांना गाडी कशाला? त्याच पाचोळ्याला संध्याकाळी काडी लावली जाते, आणि खाली प्लास्टिकच्या दोन पिशव्या असतातच.

म्हापशेकर, फी भरून डास मरत नाहीत.

म्हापशेकर
आणि समितीने मरतात? बरं, एक सांगा. आमच्या बाजूला निम्मी घरं भाड्याची, काही तर वीकेंडपुरती दिलेली. पाहुणे सोमवारी सकाळी पिशवी रस्त्याच्या वळणावर फेकून विमान पकडतात. त्यांच्या दारात तुमची समिती जाईल? घरमालकाच्या नावे दंड ठरवत असाल तर सही करतो, नाहीतर नाही.

कुळागरवाला, फोंडा
घरमालकाचं कलम मंजूर. समिती मात्र राहणार.

डिचोलीची सून
राहू दे. पण फेरीची वेळ सकाळी दहाची घालू नका. तेव्हा पुरुष कामावर असतात आणि करवंट्या उलट्या करत आम्हीच फिरणार. रविवारी सकाळी ठेवा, बाजारातून नुस्तें आणल्यावर. आणि फेरीला पुरुषांनी जायचं, हेही लेखी घाला.