लहान गाडीवरून मोठ्या स्पोर्ट बाईकवर आलात तेव्हाचे अनुभव लिहा

यवतेश्वर_घाट
परवा शेजारच्या पोरानं केटीएमची आरसी ३९० आणली. हार, चाकाखाली लिंबू, आईनं ओवाळलं, गल्लीत कंदी पेढे. पोरगं आत्तापर्यंत वडिलांची स्प्लेंडर चालवत होतं. त्याला बोळात गाडी वळवताना बघितलं आणि माझे २०१६ चे दिवस आठवले, मी पण स्प्लेंडरवरूनच याच गाडीवर आलो होतो. शोरूमात पॉवर सांगतात, टॉप स्पीड सांगतात, पण शरीराला लागलेल्या सवयींचं काय करायचं ते कोणी सांगत नाही. स्प्लेंडरचे चारही गिअर पुढून खाली दाबायचे. इथं पहिला खाली आणि बाकीचे पाच वर. डोक्याला कळतं हो, पायाला कळत नाही. घाईच्या वेळी तिसऱ्यातून चौथा टाकायला पाय खाली जातो, पडतो दुसरा, आणि मागचं चाक ओरडतं. दुसरं म्हणजे आठ एचपीवरून थेट चाळीसच्या वर. स्प्लेंडरवर ट्रकला ओव्हरटेक करायचा तर आधी सगळा हिशोब करावा लागतो, इथं मूठ पिळली की ट्रक मागं गेलेला असतो आणि हिशोब नंतर सुरू होतो. तुम्ही काय काय शिकलात ते लिहा, त्या पोराला हे सगळं वाचायला देणार आहे.

वाढे_फाटा
नाद खुळा विषय काढलास भावा!! त्याला सांग वळणावर बघायचं ते वळण संपतं तिथं, समोरच्या कठड्याकडं नाही. जिकडं नजर तिकडं गाडी. यवतेश्वरच्या घाटात पोरं दरीकडं बघत बसतात आणि गाडी तिकडंच ओढली जाते. जिथं जायचंय तिथं हनुवटी वळवायची, बास. बाकी नंतर लिहितो, दुकानात गिऱ्हाईक आलंय

मिरज_जंक्शन
गाडी घेतलीच आहे त्याने पण पुढच्यांसाठी लिहितो, लोक फक्त हप्ता बघतात, विमा बघत नाहीत. नवीन गाडीला थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा विमा, पाच वर्षांचा एकदम भरावा लागतो, २०२२ च्या दरानं ७५ ते १५० सीसीला ३,८५१ आणि ३५० च्या वर गेलात की १५,११७, वर परत जीएसटी आणि स्वतःच्या गाडीचा विमा वेगळा. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० पर्यंतच्या गाड्यांना जीएसटी १८ टक्के झाला आणि वरच्यांना ४०. म्हणजे आरसी ३९० चा ३७३ सीसीवाला वरच्या खान्यात. मी याच कारणासाठी टीव्हीएसची आरआर ३१० घेतली, ३१२ सीसी, मजा कुठं कमी नाही.

ऊसपट्टा_इस्लामपूर
सगळे पॉवरचं बोलायलेत मी ट्रॉलीचं बोलतो. दिवाळीनंतर साखर कारखाने सुरू झाले की आपल्याकडं रात्रीची मोठी गाडी चालवणं म्हणजे वेगळंच काम आहे, ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागं लाईट नाही, कुणी रिफ्लेक्टर लावला असला तर तो चिखलानं झाकलेला आणि ऊस दोन्ही बाजूनं बाहेर आलेला. स्प्लेंडरवर आपण पन्नासनं असतो त्यामुळं हेडलाईटच्या उजेडात ट्रॉली दिसते आणि थांबायला जागा पण असते. मोठ्या गाडीवर शंभर कधी होतो कळत नाही कारण इंजिन ओरडतच नाही, आणि ट्रॉली दिसते तेव्हा जागा संपलेली असते. वर रस्त्यावर पडलेली कांडी आणि शेतातनं आलेला चिखल, रुंद टायर आहे म्हणून पकड राहील असं काही नसतंय. माझ्या आत्तेभावाचा पाय त्यातच गेलाय, म्हणून कळकळीनं सांगतो. अंधार पडल्यावर पेठनाका ते इस्लामपूर साठच्या वर काटा न्यायचा नाही. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, पण ट्रॉली काय बाजूला सरकवत नाही.

यवतेश्वर_घाट
दादा पाय कसा आहे आता त्यांचा?

ऊसपट्टा_इस्लामपूर
काठी घेऊन चालतो. शेतात जातो रोज.

कराडची_आई
मी गाडी चालवत नाही पण लिहू का? माझ्या मुलाने घेतली तेव्हा मी अट घातली होती की आधी हेल्मेट, जॅकेट, हातमोजे, मग गाडी. त्याने ऐकलं. माझा प्रश्न वेगळा आहे, या गाड्यांवर मागे बसणाऱ्या माणसाचा विचारच कोणी केलेला नाही. एवढीशी उंच सीट, साडी नेसून एका बाजूला बसणं शक्यच नाही, ब्रेक मारला की आपण त्याच्या पाठीवर. एकदा ड्रेस घालून त्याच्या मागे बसून सज्जनगडाला गेले, सगळा वेळ समर्थांचं नाव घेत होते. आता बाजाराला जुनी गाडीच काढतो तो. तर स्प्लेंडर विकू नका म्हणावं त्या मुलाला.

वाढे_फाटा
काकू एकदम बरोबर. घरात एक स्प्लेंडर पाहिजेच. दूध, गॅसची टाकी, आज्जी, सगळं तिच्यावरच

पाना_पकड
गॅरेज आहे म्हणून थोडं. चेन ५०० किलोमीटरला साफ करून ल्यूब, स्प्लेंडरची झाकलेली असते म्हणून कोणाला सवय नाही. कूलंट कमी झालं तर नळाचं पाणी घालू नका, आतून गंजतं. नवीन टायर गुळगुळीत असतो, पहिले दीडशे दोनशे किलोमीटर गाडी आडवी करायची नाही. जुनी घेणार असाल तर फेअरिंगची म्हणजे बाहेरच्या प्लॅस्टिकची चकाकी बघू नका, हँडल पूर्ण डावीकडं उजवीकडं फिरवा, मधे अडतंय का बघा, पुढचे रॉड नीट बघा, ऑइल सील गळतंय का, ब्रेक लिव्हरचं टोक घासलंय का. पडलेली गाडी तिथं कळते. टायर प्रेशर गाडी गार असताना. बाकी सांगायचं तर या गाड्यांना वेळ द्यावा लागतो बगा, महिन्यातनं एकदा धुतली की झालं असं चालत नाही.

निळी_आर१५
मी अ‍ॅक्टिव्हावरून थेट यामाहाच्या आर१५ वर आले, माझ्याकडं तर गिअरच्या सवयी नव्हत्याच, कोरी पाटी. अडचण उंचीची. ८१५ मिलिमीटर सीट, माझे दोन्ही पाय टेकत नाहीत. क्लासमध्ये सगळे म्हणाले सीट कापून घे. कापली नाही. थांबताना सीटवरून थोडं डावीकडं सरकून एकच पाय पूर्ण टेकवायचा, उजवा मागच्या ब्रेकवर, हे घरासमोरच्या ग्राउंडवर रोज करत राहिले आणि बसलं. मुलींनो, कोणी उंचीवरून नाही म्हटलं तर हे नक्की करून बघा. आणि मनगटं दुखतात म्हणून रडणाऱ्यांनो, गुडघ्यांनी टाकी घट्ट धरा, पोट आत घ्या, हातावर वजन टाकूच नका, कोपरं ढिली पाहिजेत. चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांपाशी वारा आडवा घुसतो तेव्हा हँडल आवळून धरलं की गाडी जास्त वळवळते. सैल सोडलं की आपोआप सरळ होते.

मिरज_जंक्शन
कोपरं ढिली, हे मला कोणीतरी आधी सांगायला पाहिजे होतं. धन्यवाद ताई.

हरिपूर_रोड
विषय थोडा वेगळा पण गाड्यांचाच आहे. २०१९ च्या पुरात सांगलीत आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, आमची स्प्लेंडर आणि मित्राची स्पोर्ट बाईक दोन्ही एकाच पार्किंगमध्ये बुडाल्या. स्प्लेंडरचं ऑइल दोनदा बदललं, प्लग वाळवला, कार्बोरेटर खोलला, किक मारली, चालू. मित्राच्या गाडीचा ईसीयू म्हणजे कॉम्प्युटर गेला, वायरिंग गेलं. इन्शुरन्समध्ये बरेच मिळाले पण पोरगा ढसाढसा रडला. पाण्यात गेलेली गाडी चालू करून बघायची नाही, तशीच ढकलत न्यायची, हे सगळ्यांनी लक्षात ठेवा. पाणी चढायला लागलं की आम्ही आता गाड्या सगळ्यात आधी विश्रामबागला नेऊन लावतो, मग टीव्ही न् फ्रीज.

निळी_आर१५
बाप रे. माझी मावशी त्याच भागात राहते, तिचं अख्खं घर गेलं होतं.

हरिपूर_रोड
कुठल्या गल्लीत? मेसेज करतो तुम्हाला.

वाढे_फाटा
गिऱ्हाईक गेलं. अजून एक, साताऱ्याहून पुण्याकडं जाताना खंबाटकीचा जुना बोगदा संपला की लगेच तो एस वळणाचा उतार आहे, बोगद्यातून अंधारातून एकदम उजेडात येतो आपण आणि मागं ब्रेक तापलेला ट्रक असतो. बोगद्यातच एक गिअर कमी करायचा आणि ट्रकच्या पुढं नाहीतर खूप मागं, मधे राहायचं नाही.

यवतेश्वर_घाट
हे सगळं पाठवलं त्याला. विचारतोय रविवारी ठोसेघरला येऊ का तुमच्यासोबत. कोण कोण येतंय?

निळी_आर१५
मी. पण सहालाच निघू, नंतर टुरिस्ट गाड्या वाढतात.

पाना_पकड
येताना गॅरेजवरनं या, त्याची चेन बघून देतो. नवीन गाडीची पण कधीकधी जास्त ताणलेली असते.

कराडची_आई
नाश्ता करून निघा रे सगळे.